दिगंबरच्या स्कूटरची मागची सीट

मी दिगंबरवर जळायचो हे आमच्या वारज्यात कुणापासून लपलेलं नाही, त्यामुळे ते इथे छापून आलं तरी माझं काही बिघडणार नाही. दिगंबर मात्र हा अंक विकत घेईल आणि गिऱ्हाइकांना दाखवत बसेल. बसू दे.

आम्ही दोघंही शॉकअपवाले. म्हणजे दुचाकीच्या इंजिनला आणि क्लचला हात न लावणारे. चाक आणि माणूस यांच्या मध्ये जे काही असतं, तेवढंच आमचं. नाना पेठेत एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. पुढे मी वारज्यात गाळा घेतला, आणि काही वर्षांनी दिगंबरने बरोबर माझ्या समोरचा गाळा घेतला. पुणे एवढं चारी बाजूंनी पसरत असताना याला हीच जागा कशी सापडली, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. आमची बोलचाल होती, पण पावसापाण्यापुरती.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शॉकअपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग, ती बाहेरून दिसते. दुसरं तेल, ते आत असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का गिळते. पण नुसती स्प्रिंग असेल तर ती दबून पुन्हा उसळेल, पुन्हा दबेल, आणि गाडी पुढच्या चौकापर्यंत नाचत जाईल. तिला आवरायचं काम तेलाचं. बारीक भोकातून ते सावकाश सरकतं आणि तेवढ्यात स्प्रिंगचा जोर ओसरतो. लोकांना वाटतं, मऊ गाडी म्हणजे आरामाची गाडी. तसं नसतं. फार मऊ केलीत तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप पार तळाला टेकतो आणि ठोसा थेट माकडहाडाला बसतो. फार कडक केलीत तर रस्त्यावरचा खडा न् खडा कमरेला कळतो. मधली जागा शोधायची, आणि ती प्रत्येक माणसाची वेगळी. म्हणून मी गाडीला हात लावायच्या आधी विचारायचो, रोज कुठून कुठे जाता? काही लोकांना राग यायचा. एकजण म्हणाले, तुम्हाला काय करायचंय? म्हटलं, मला काही नाही, तुमच्या मणक्याच्या वतीने विचारतोय.

कामात मी दिगंबरपेक्षा उजवा होतो. हे मी म्हणत नाही, उस्ताद म्हणायचे. तरी गर्दी त्याच्याकडे. त्याच्या गाळ्यात दोन खुर्च्या होत्या आणि त्यांवर कायम कुणीतरी पेपर वाचत बसलेलं असायचं. मी खुर्ची ठेवली नव्हती, कारण खुर्ची असली की माणूस बसतो, आणि बसला की बोलतो.

मांजरी गावचा एक अंडीवाला होता. अख्खं शहर ओलांडून माझ्याकडे यायचा, कारण मोटरसायकलच्या मागे ट्रेची चळत बांधून दुकानोदुकानी फिरणाऱ्या माणसाला चांगला शॉकअप म्हणजे काय ते कळतं. मी त्याच्यासाठी मागच्या स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं, हवेचं प्रमाण ठरवून दिलं. फुटतूट कमी झाली, पण थांबली नाही. मग एकदा तो समोर उभा दिसला. मला बघून ओशाळला आणि स्वतःच रस्ता ओलांडून आला.

"शेठ, राग मानू नगा. पर त्यांनी काम केल्यापासनं अंडी फुटंना झाल्यात."

तो गेल्यावर मी त्याच्या गाडीची आठवण काढत रात्रभर नुसता तळमळलो. पुढच्या खेपेला तो समोर आला तेव्हा बघितलं, तर दिगंबरने शॉकअपला बोटही लावलेलं नव्हतं. कॅरिअरवर सायकलची जुनी ट्यूब आडवीतिडवी ताणून बांधली होती आणि त्यावर ट्रे. हा काय शॉकअपवाल्याचा धंदा झाला? पण अंडीवाला गेला तो गेलाच.

आणखी एक आयटीतला मुलगा. महागडी बाइक, आणि म्हणे, "अंकल, एकदम स्टिफ करून द्या, कॉर्नरिंगला भारी पडतं, मी व्हिडिओ पाहिलाय." मी विचारलं, रोज कुठे जाता? म्हणाला, हिंजवडी. म्हटलं, हिंजवडीच्या रस्त्याला कॉर्नरिंग कुठे असतं, तिथे नुसतं थांबणं असतं. तो तडक समोर गेला. दिगंबरने हसत हसत करून दिलं. आठवड्याने मुलगा कंबर धरून परत आला, आणि दिगंबरने हसत हसत पुन्हा मऊ करून दिलं. एकाच गाडीचं काम त्याला दोनदा मिळालं, आणि मुलगा जाताना थँक्यू काका म्हणून गेला. मला कुणी काका म्हणत नसे. असो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. गिऱ्हाईक काय, येतं आणि जातं. पण माझी बायको त्याच्या गाडीवर बसायला लागली.

मंगल लग्नापासून माझ्या मागे बसून सगळं पुणे फिरली. स्कूटरी बदलल्या, रस्ते बदलले, ती मागे होतीच. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी व्यायाम दिला आणि म्हणाले, धक्के टाळा, टू-व्हीलर शक्यतो नकोच. मी विचारलं, शक्यतो म्हणजे? त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. म्हणाले, मग धक्क्यांचं तुम्हाला मी काय सांगणार?

मंगलला बाजारहाट सोडणं जड गेलं नाही. जड गेली ती मालूताई. मालूताई म्हणजे तिची थोरली बहीण, विश्रांतवाडीला असते. अर्धांगवायूने तिचं एक अंग गेलंय, बोलणंही तुटक. सून सगळं प्रेमाने करते. पण मालूताईचे केस अजून गुडघ्यापर्यंत आहेत, आणि त्यांना ती मंगलशिवाय कुणाला हात लावू देत नाही. दर गुरुवारी मंगल जायची, तेल लावायची, गुंता सोडवायची, वेणी घालायची. दोघी लहान असताना मालूताईने तिची घातली, आता हिने तिची घालायची, असा त्यांचा आपसातला मामला. मंगल बसने एकदा गेली, उभं राहून. रिक्षाने एकदा गेली आणि येऊन तशीच आडवी झाली. रिक्षाच्या मागच्या सीटबद्दल मी इथे काही लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. मग तिचं जाणंच थांबलं.

काही दिवसांनी सुनेचा फोन आला. "मावशी, आईंच्या केसांची पार जट झालीये. हात लावला की ओरडतात. नर्सताई म्हणतात, कापून टाका. काय करू?"

मंगलने "थोडं थांब" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. ती आत बराच वेळ काही करत नव्हती, हे मला बाहेर कळत होतं.

मी म्हटलं, माझ्यावर सोड. अख्खा जन्म मी दुसऱ्यांच्या कमरा सांभाळल्या. माझी स्कूटर गाळ्यात उघडली. पुढे मंगलच्या आणि माझ्या वजनाला जमेल असं तेल भरलं, मागे गॅसवाला भारी शॉकअप बसवला, झिजलेले सगळे बुश, म्हणजे जोडांमधली रबरं, बदलले, सीटचा फोम नवा करून घेतला, टायरची हवा अंमळ कमी ठेवली. मग एकटाच जाऊन चाचणी घेतली. उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून, गल्लीतल्या गतिरोधकांवरून, सिमेंटच्या रस्त्यात खचलेल्या ड्रेनेजच्या झाकणांवरून. गाडी अशी चालली की उस्ताद असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती. समोरून दिगंबर बघत होता. बघू दे म्हटलं.

गुरुवारी मंगल नवी साडी नेसून, तेलाची बाटली पिशवीत घेऊन मागे बसली. कर्वेनगरच्या अलीकडेच तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, थांबवा."

मी थांबवलं. ती उतरली आणि एका फळवाल्याच्या गाडीचा दांडा धरून उभी राहिली. मी विचारलं, कुठे लागलं? कुठल्या खड्ड्यात? म्हणजे मला कळायला हवं, पुढचा शॉकअप की मागचा.

"मला नाही कळत पुढचा आणि मागचा," ती म्हणाली. "परत जाऊ या."

पुढच्या गुरुवारी ती मला न सांगता बसस्टॉपवर गेली. संध्याकाळी घरी आली तर चेहरा फुललेला आणि हातांना खोबरेल तेलाचा वास.

"मालूताईची जट सोडवली. थोडी झाली, बाकीची पुढच्या दोन-तीन खेपांत. कात्री नाही लावू दिली."

"बसने गेलीस?"

"नाही. दिगंबरभावजी भेटले स्टॉपवर. त्यांची मुलगी तिकडेच दिलीये, दर गुरुवारी दुकान बंद करून जातात. म्हणाले, वहिनी बसा, सोडतो. येतानाही घेऊन आले." आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं. "अहो, पाठ अजिबात दुखली नाही."

मी चहा घेतला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि कुठेतरी झालाही असेल. पण खरं सांगायचं तर माझा नुसता भडका उडाला होता. अंडीवाला गेला, आयटीवाला गेला, ते सोसलं. पण माझ्या बायकोची पाठ माझ्या गाडीवर दुखते आणि त्याच्या गाडीवर दुखत नाही? त्याच्या गाडीत काय आहे? आणि गाडीत काही नसेल, तर मग दुसरं काय आहे? या वयात असले विचार शोभत नाहीत हे मला कळत होतं, पण ते येत होते.

पुढचा गुरुवार आला. मंगल बरोबर वेळेवर समोरच्या गाळ्यापाशी जाऊन उभी राहिली. रस्ता ओलांडताना तिने मला हात केला. मीही केला. दिगंबरने सीट फडक्याने पुसली. माझ्या हातातल्या पान्याने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा चांगला नट गोल करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दिगंबर चहाला गेलेला पाहून मी त्याच्या गाळ्यात शिरलो. त्याची स्कूटर बाजूला उभी होती. मागून सीट दाबली, सोडली. पुन्हा दाबली. खाली वाकून बघितलं. मला वाटलं होतं, कुठून तरी खास माल आणून बसवला असेल. कसलं काय. कंपनीचा मूळचा शॉकअप, तोही सीलमधून पाझरत होता. पुढचा बुश कुरकुरत होता. शॉकअपवाल्याने अशी गाडी वापरावी याची मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. हीच गाडी माझ्या बायकोला आवडते.

"चावी देऊ का?" मागून दिगंबर म्हणाला. हातात चहाचा कागदी कप होता.

"सील गेलंय तुझं," मी म्हटलं.

"माहितीये. वेळ कुठे मिळतो? गिऱ्हाइकं असतात."

हे शेवटचं त्याने सहज म्हटलं असेल. मला ते सहज लागलं नाही.

पुढच्या बुधवारी रात्री मंगलला ताप भरला. गुरुवारी उठवेना. उशीवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "आज वेणी राहिली. मालूताई वाट बघेल." मी म्हटलं, मी जाऊन सांगून येतो. फोनवर सांगितलं तर तिला ते खरं वाटत नाही. मंगलने विचारलं, कसे जाणार? माझी स्कूटर मी तोवर पुन्हा उघडून ठेवलेली होती.

"दिगंबरबरोबर," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तापातसुद्धा हसली.

मी त्याच्या मागे बसलो तेव्हा रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून बघत होते. दिगंबरने गाडी सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी म्हणाला, "गतिरोधक."

मला वाटलं, कानात मोबाइलचं काही घातलंय आणि तो कुणाशी बोलतोय. गाडी हळू झाली, वर चढली, उतरली.

"झाकण. उजवीकडून जातो."

गेला.

"आता पेव्हर ब्लॉक, थोडा वेळ बुडबुड होईल."

झाली. ती संपल्यावर "संपले" असंही म्हणाला. पुलावर "सांधा" म्हणाला, पुढे "सांधा" म्हणाला. मी आधी वैतागलो. मला सगळे खड्डे पाठ आहेत, मला कसला सांगतो हा? पण डेक्कनच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो बोलला की माझी मांडी आपोआप घट्ट होते, बूड किंचित उचललं जातं, श्वास थांबतो. धक्का येतो तो तयार माणसावर येतो. मी डोळे मिटले. डोळे मिटूनही काही लागलं नाही. त्या पाझरणाऱ्या शॉकअपवर, कुरकुरणाऱ्या बुशवर मी येरवड्यापर्यंत गेलो आणि माझ्या कमरेला काहीही कळलं नाही.

सिग्नलला मी विचारलं, "हे सगळ्यांना सांगतोस?"

"सवय आहे," तो म्हणाला. "आमचा दत्तादादा लहानपणीच आंधळा झाला. मोठेपणी त्याला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. त्याला सोडायला आणि आणायला मीच. पहिल्या दिवशी एका खड्ड्यात तो असा उडाला की खाली उतरल्यावर थरथरत होता. लागलं नव्हतं. नुसता दचकला होता. मग सांगायला लागलो."

"पण मंगलला दिसतं की."

दिगंबरने मान वळवली. "कुठून दिसणार, विलासराव? पुढे आपली पाठ असते."

हिरवा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

चाळीसेक वर्षं मी शॉकअप उघडतोय. चाचणी घेताना कायम एकटा, पुढे बसून, हँडल हातात, रस्ता डोळ्यांसमोर. मागे बसणाऱ्याच्या वजनाचा विचार केला, त्याच्यासाठी स्प्रिंग कडक केली, पण त्याला काय दिसतं याचा विचार माझ्या धंद्यातच बसत नव्हता. मला वाटलं, दिगंबरला हे आंधळ्या भावामुळे आयतं मिळालं. मग वाटलं, आयतं कसं म्हणायचं? आणि तरीही हेवा वाटला. असा भाऊ नाही म्हणून हेवा वाटावा, इतका मी त्या दिवशी खालच्या पायरीला गेलो होतो.

मालूताईने मला एकट्याला दारात पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उरलेली जट उशीवर पडली होती. सून म्हणाली, मावशी पुढच्या गुरुवारी नक्की येतील ना? नाहीतर आता नाइलाज आहे. मी म्हटलं, येईल. मी आणतो.

घरी आल्यावर मंगलला विचारलं, "दिगंबर गाडी चालवताना बोलतो, हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही विचारलंत, पुढचा की मागचा."

आठवड्याने तिला बरं वाटलं. मी स्कूटर जोडली होती. मागचा भारी शॉकअप तसाच ठेवला, तो काही वाईट नव्हता. मंगल समोर बघून म्हणाली, "भावजींना सांगितलंय मी, येते म्हणून." मी म्हटलं, मी सांगतो त्यांना. रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, आज ती माझ्याबरोबर येतेय. दिगंबर म्हणाला, बरं. आणि त्याच्या डोळ्यांत मला जरा वाईट वाटल्याचं दिसलं. खोटं कशाला सांगू, ते मला गोड वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी माझं तोंड उघडेना. इतकी वर्षं गाडीवर आम्ही बोललोच नव्हतो. गतिरोधक चाकाखाली आला तेव्हा कसाबसा म्हणालो, "अगं, हा बघ." ती म्हणाली, "उशीर झाला." पुढच्याला वेळेवर सांगितलं. मग झाकण सांगितलं, पेव्हर ब्लॉक सांगितले, एका कुत्र्यासाठी ब्रेक लागणार तेही सांगितलं. सिग्नलला शेजारचा एक मुलगा हेल्मेटमधून माझ्याकडे बघत राहिला. बघू दे. त्या फळवाल्याची गाडी गेली, कर्वेनगर गेलं, डेक्कन गेलं. तिने खांद्यावर हात ठेवला नाही. येरवड्याला मीच विचारलं, थांबू का? म्हणाली, कशाला?

मालूताईच्या खोलीत मी गेलो नाही, बाहेर बसलो. आतून दोघींचं काही चाललं होतं, एकीचं बोलणं आणि एकीचं तुटक हुंकारणं. बऱ्याच वेळाने सुनेने बोलावून दाखवलं. सबंध वेणी, गुडघ्यापर्यंत, खाली लाल रिबीन. मालूताईने या वेळी माझ्याकडे तोंड केलं.

परत येताना मंगल खूश होती. नदीचा पूल ओलांडल्यावर मागून म्हणाली, "आज काय छान आलो हो. अगदी दिगंबरभावजींच्या गाडीवर बसल्यासारखं वाटलं."

पुढे रस्त्यात एक झाकण चांगलं वीतभर खचलेलं दिसत होतं. मी तोंड मिटलं. लांबूनच वेग सोडला, ब्रेक लागल्याचं कळणार नाही इतपत दाबला, झाकणाची कड आणि दुभाजक यांच्या मधली हातभर जागा धरली आणि जे काही अंगात होतं ते सगळं हातात आणून गाडी तिथून काढली. मागे जराही हालचाल झाली नाही.

"आत्ता काही होतं का?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. ते एक झाकण दिगंबरच्या नावावर जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.